एम्प्रेस गार्डनमधली जुनी झाडं: अर्ध्या दिवसात काय आणि कसं बघावं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले दहा-बारा जण मिळून पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला जायचं ठरलंय. पाय मोकळे करायला नाही, खास झाडं बघायला. चार ज्येष्ठ नागरिक आहेत, त्यातल्या एकांच्या हातात काठी. दोन शाळकरी मुलं आहेत आणि एका ताईंना दम्याचा त्रास आहे. आंबा, वड, पिंपळ, गुलमोहर यापलीकडे बहुतेकांची मजल नाही, पण शिकायची हौस दांडगी आहे.

शंका अशा. पुष्पप्रदर्शन जानेवारीतच आटोपतं, मग फेब्रुवारीत जाण्यात काही अर्थ आहे का? सकाळी की दुपारी? गारंबीच्या वेलाबद्दल खूप ऐकलंय, तो बघताना नेमकं काय बघायचं? ज्या झाडाला पाटी नाही ते ओळखायचं कसं, मोबाईलवरच्या ॲपवर भरवसा ठेवावा का? मुलांनी खाली पडलेल्या शेंगा-बिया उचलल्या तर चालतं का? आणि बुंध्याचा घेर मोजून झाडाचं वय काढता येतं असं आमच्यातले एक काका छातीठोकपणे सांगतात, ते कितपत खरं?

पानगळ

झाडं बघायची असतील तर प्रदर्शन चुकलं याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट बरंच झालं. प्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास असतं. ते कुंड्यांचं, गुलाबांचं, बोन्सायचं आणि पुष्परचनांचं. गर्दी इतकी की एखाद्या बुंध्यापाशी पाच मिनिटं शांत उभं राहता येत नाही. ती हौस वेगळी.

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा पुण्यात झाडं ओळखायला फार सोयीचा, कारण निम्मी झाडं निष्पर्ण किंवा अर्धी उघडी असतात. फांद्यांची ठेवण स्वच्छ दिसते आणि फूल पानाआड लपत नाही. या दिवसांत काटेसावर, पळस आणि पांगारा हे तिघे लाल-केशरी फुलांत असतात. लांबून तिन्ही सारखे वाटतात, जवळ गेल्यावर गोंधळ राहत नाही. सावरीचं फूल तळव्याएवढं, पाच जाड पाकळ्यांचं, आणि झाडाखाली ते अख्खंच्या अख्खं पडलेलं मिळतं. पळसाच्या फुलाच्या कळीला काळपट मखमली देठ आणि वाकडी चोच. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला एकगठ्ठा, आणि कोवळ्या फांदीवर बारीक काटे. सावरीबद्दल एक ध्यानात ठेवा. नावात काटे आहेत म्हणून जुन्या झाडाच्या बुंध्यावर ते शोधत बसाल तर फसाल. वय झालं की खालचे काटे झिजून जातात आणि बुंध्याला तळाशी पडद्यांसारखे आधार फुटतात. काटे बघायचे तर वरच्या फांद्यांवर.

जंगली बदाम याच सुमारास फुलतो. तो आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. वास घाण येतो, शंकाच नको. बिनपानांच्या फांद्यांच्या टोकाला मळकट लालसर फुलांचे झुपके असतात. आसपास गटाराची तपासणी करण्याआधी मान वर करून बघा.

सीतेचा अशोकही आता फुलायला लागलेला असतो. शाळेच्या फाटकापाशी उभा असतो तो उंच, सरळसोट अशोक हा नव्हे. सीतेचा अशोक बुटका, पसरट. फुलांचे गुच्छ जून फांद्यांवर, कधी थेट खोडावरही. त्या फुलाला पाकळ्याच नसतात. जे रंगीत दिसतं ते निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, चार पाळ्यांचं, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले. उमलताना पिवळट, मग केशरी, शेवटी लाल, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही छटा सापडतात. कोवळी पालवी तांबूस आणि लुळी, मान टाकून लोंबणारी. नवखी माणसं पाणी कमी पडलं म्हणून हळहळतात, पण ती तशीच असते.

तामण, बहावा, गुलमोहर या वेळी फुललेले दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी एप्रिल-मे. बूच बघायचा तर ऑक्टोबर ते डिसेंबर, तोही पहाटे, फुलांचा सडा तुडवला जाण्याआधी.

वेळ सकाळचीच. आणि शक्यतो रविवार टाळा. हिरवळीवर सहली असतात, मुलांचे खेळ असतात, आणि तुमचा तो झाड बघायचा संथ कार्यक्रम सगळ्यांच्या मधे येतो.

वेलबुट्टी

गारंबीबद्दल सविस्तर लिहिते, कारण लोक तिथे जाऊन फोटो काढतात आणि निम्मं न बघताच परततात.

पहिली गोष्ट, जे जाडजूड, पिळलेलं, जमिनीवरून लोळत जाऊन पुन्हा वर चढलेलं लाकूड दिसतं ते मूळ नाही आणि वडाची पारंबीही नाही. ते वेलाचं खोड आहे. पारंबी वरून खाली येते, आणि जमिनीत रुजली की सरळ खांब होतो. वेल खालून वर जातो. कोवळा असताना टोकाशी असलेल्या ताण्यांनी (दोऱ्यासारख्या पकडींनी) आधार पकडतो, मग फांदीवर फांदी गाठत शेंड्यांच्या उजेडात जाऊन पसरतो. आधार दिलेली फांदी कालांतराने मोडली की वेल खाली सैल पडतो आणि पुन्हा दुसरा आधार शोधतो. जमिनीवर जी वेटोळी दिसतात ती बऱ्याचदा अशी झालेली असतात. म्हणून वेल बघताना एक टोक पकडा आणि नजरेने पुढे पुढे जात राहा: कुठे जमीन सोडली, कोणत्या झाडावर गेला, तिथून पुढच्या झाडावर कुठे उडी घेतली. मुलांना हे काम द्या, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना चकवते. वेलाची पानं त्या यजमान झाडाच्या पानांत मिसळलेली असतात. खाली पडलेलं पान उचलून 'हे या झाडाचं' म्हटलं की सगळी ओळख चुकते. गारंबीचं पान दुहेरी संयुक्त असतं, म्हणजे देठाला उपदेठ आणि उपदेठावर पर्णिका (एकाच पानाचे छोटे भाग), आणि मुख्य देठाच्या टोकाला दुभागलेला ताणा. पानाच्या टोकाला ताणा दिसला की ते झाडाचं नाही, वेलाचं. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण (८ बाय ४० किंवा ८ बाय ४२) जवळ ठेवा आणि पान प्रत्यक्ष कोणत्या फांदीला लागलंय ते बघूनच नाव घ्या.

तिसरी गोष्ट शेंग. शेंग मीटरभर, कधी त्याहून लांब भरते. शेंगवर्गीय वनस्पतींत इतकी मोठी शेंग क्वचितच दुसऱ्या कुणाची. पिकली की बाहेरचं साल सोलून निघतं आणि शेंग एकेका बीच्या चौकोनी कप्प्यांत सुटी होत गळते. कडेची दाभणासारखी टणक चौकट मात्र वेलावर तशीच लटकत राहते. रिकामी लांबट चौकट दिसली तर ती वाळकी फांदी समजू नका, ती गळून गेलेल्या शेंगेची कड. कप्प्यातली बी चॉकलेटी, गुळगुळीत, चार ते सहा सेंटिमीटर रुंद. आत हवेची पोकळी असल्याने ती पाण्यावर तरंगते, म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरही वाहून आलेली सापडते. कवच इतकं कठीण की कानशीने एका कडेला पांढरा गर दिसेपर्यंत घासून एक दिवस पाण्यात भिजवल्याशिवाय सहसा रुजत नाही. नुसती कुंडीत पुरून ठेवलेली बी महिनोन् महिने तशीच पडून राहते आणि लोक म्हणतात बी नासकी होती. बीमध्ये सॅपोनिन असतात, कच्ची बी पोटात जाता कामा नये. मुलांना आधीच सांगून ठेवा.

एक कळकळीची विनंती: वेलावर बसू नका, झोका घेऊ नका. जाड दिसतो म्हणून तो दणकट नसतो. खोडाच्या आत लाकडाचे पट्टे आणि मऊ पेशींचे थर आलटून पालटून असतात. वेल वाकतो तो त्यामुळेच, पण वजन पडून साल घासली की मऊ थर उघडे पडतात आणि तिथून कूज आत शिरते. शंभर जणांनी एकेकदा बसून काढलेले फोटो वेलाला महागात पडतात.

मुठाकाठ

वेलबुट्टीताई, मनापासून आभार. लटकणाऱ्या चौकटीचं तर आम्हाला स्वप्नातही आलं नसतं. पाटी नसलेल्या झाडांचं आणि ॲपचं कुणी सांगेल का? आणि बियांचं राहिलंच.

भिंगवाला

ॲप चांगली आहेत, पण तुम्ही त्याला काय दाखवता त्यावर सगळं अवलंबून आहे. हिरव्या गर्दीचा एक फोटो टाकला तर ते हिरव्या गर्दीचंच उत्तर देणार. एका झाडाचे निदान चार फोटो घ्या: पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, पान फांदीला कसं लागलंय ते, आणि सालीचा जवळून फोटो. फूल असेल तर समोरून आणि कडेने असे दोन. कडेचा फोटो लोक घेतच नाहीत, आणि ओळख पटवणारा निदलपुंज नेमका तिथेच असतो. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं ॲप) नोंद टाकणार असाल तर 'लागवडीतलं' या पर्यायावर खूण करायला विसरू नका. बागेतलं झाड रानातलं म्हणून नोंदलं गेलं तर त्या जातीचा नकाशा बिघडतो. 'संशोधन दर्जा' हा शिक्का लागवडीतल्या झाडाला मिळत नाही, तेव्हा तो मिळाला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

ॲपच्या आधी एक साधी सवय लावून घ्या. पान कुठे संपतं आणि पर्णिका कुठे सुरू होते हे ठरवा. कसोटी सोपी आहे: पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. बोटाने फांदीकडून चाचपत या. जिथे बारीक उंचवटा लागेल तिथपासून पुढे सगळं मिळून एक पान. हे चुकलं की शिरीष, पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, पीतमोहर सगळ्यांची वासलात लागते.

भिंग दहा पट मोठं दाखवणारं घ्या. वापरायची पद्धत बहुतेकांची उलटी असते. पान हातभर लांब धरून वर भिंग फिरवायचं नाही. भिंग डोळ्याला टेकवायचं, आणि मग पान हळूहळू भिंगाकडे आणायचं, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं. चष्मा असेल तर काढायची गरज नाही.

पाटी नसलेल्या दोन-तीन जोड्यांवर सराव करून जा. अर्जुन आणि ऐन: दोघे एकाच कुळातले, फळालाही दोघांच्या पाच पंख. पण अर्जुनाचा बुंधा गुळगुळीत, पांढुरका-गुलाबी, सालीचे मोठे पातळ पापुद्रे सुटणारा. ऐनाची साल काळपट आणि चौकोनी खोल भेगांची. पानाच्या तळाशी देठ जुळतो तिथे अर्जुनाला दोन छोट्या ग्रंथी असतात, भिंगाची हौस तिथे भागवा. ओढ्याकाठी पांढुरका, भरभक्कम बुंधा दिसला तर पहिला अंदाज अर्जुनाचा करायला हरकत नाही, त्याला पाण्याजवळची जागा मानवते.

दुसरी जोडी शिरीष आणि पर्जन्यवृक्ष. पुण्यात दोघांनाही शिरीष म्हणून हाक मारतात आणि त्यावरून वाद घालतात. झाडाखाली बघा. शिरीषाची शेंग चपटी, कागदी, गवती पिवळी, वाऱ्यावर खुळखुळ वाजणारी. पर्जन्यवृक्षाची शेंग काळी, जाड, आत चिकट गोड गर, बुटाला चिकटते. वाद मिटला.

वावळ ओळखायला पान चुरगाळा, उग्र वास येतो. खाली गोल, कागदी पंखांची चपटी फळं पसरलेली असतात, मधे एकच बी.

पाटीवरचं शास्त्रीय नाव पुस्तकाशी जुळलं नाही तर लगेच पाटी चुकीची म्हणू नका. उंच अशोक पूर्वी पॉलिॲल्थिया होता, आता मोनून आहे. काटेसावरीचं बॉम्बॅक्स मलबारिकम हे नाव जाऊन बॉम्बॅक्स सेइबा आलं. जुन्या पाटीवर जुनं नाव असणारच. पाटी चुकते ती वेगळ्या कारणाने: मूळ झाड पडतं, पाटी उरते, आणि शेजारी उगवलेल्या भलत्याच झाडाला ती लागू होते. म्हणून पाटी वाचल्यावर किमान एक खूण स्वतः पडताळा, पान किंवा साल.

टेपवाला

घेराचं मी सांगतो. तुमच्या काकांना दुखवायचं नाही, पण छातीठोकपणा जरा आवरता घ्यावा.

घेर मोजतात तो जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. उतारावरच्या झाडाला ही उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरायची. टेप आडवी, ताणून, वेलाखालून किंवा बांडगुळाखालून घ्यायची, त्यांच्यावरून नाही. त्या उंचीवर गाठ असेल तर गाठीच्या लगेच वर. तळाशी आधाराचे पडदे असतील (सावरीला असतात), तर पडदे संपतात तिथे मोजायचं आणि कोणत्या उंचीवर मोजलं ते वहीत लिहायचं. शिवणकामाची दीड मीटरची टेप पुरत नाही. साध्या सुतळीने घेर घ्या, खूण करा आणि नंतर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. ३१४ सेंटिमीटर घेर म्हणजे एक मीटर व्यास.

आता वय. थंड मुलखात हिवाळ्यात वाढ थांबते, त्यामुळे लाकडात वर्षाला एक वलय उमटतं. आपल्याकडे सागासारख्या काही झाडांत ती वलयं नीट वाचता येतात, पण बऱ्याच सदाहरित झाडांत ती धड नसतात किंवा एका वर्षात दोनही पडतात. त्यात बागेतलं झाड. पाणी मिळालेलं, ओढ्याजवळचं, मोकळ्या उजेडातलं झाड भराभर जाड होतं. त्याच जातीचं डोंगरावरचं झाड त्याच वयात मनगटाएवढं राहतं. वड-पिंपळ-नांद्रुक यांचं तर बोलूच नका. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव होतात, दोन रोपटी मिळून एक बुंधा होतो. घेर अवाढव्य, वय भलतंच. लागवडीची नोंद असेल तरच वय ठामपणे सांगावं, नाहीतर घेर सांगून थांबावं. घेर ही खरी माहिती आहे आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजता येते, वयाचा आकडा ही नुसती थाप.

वयाचा विषय हौसेपुरता राहिलेला नाही, एवढं काकांना सांगा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. म्हणजे अंदाजे आकडा उगाच ठोकून देणं झाडाच्याही हिताचं नाही.

उंची मोजायची असेल तर मुलांसाठी मजेशीर पद्धत. डोळ्यापासून पुढे ताणलेल्या मुठीपर्यंतचं अंतर मोजा, आणि मुठीच्या वर तेवढीच काठी उभी धरा. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरका. जुळलं की तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. फसगत दोन ठिकाणी होते: पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडात जवळची फांदीच शेंडा वाटते आणि उंची फुगते, आणि झाड कललेलं असेल तर ते ज्या बाजूला कललंय तिथून न बघता काटकोनात उभं राहून बघावं लागतं.

कॅम्पातला

सगळ्यांनी झाडांबद्दल सांगितलं, माणसांबद्दल कुणी बोलेना.

दमेकरी ताईंसाठी: वावळ याच दिवसांत फुलतो आणि त्याचे परागकण वाऱ्यावर पसरतात. आपल्या देशात परागकणांची ॲलर्जी उठवणाऱ्या झाडांत त्याचं नाव वरचं आहे. नाकातोंडावर नीट बसणारा मास्क, नेहमीचा पंप पर्समधे नाही तर हातात, आणि वावळाखाली बसून डबा उघडायचा नाही. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलेलं बरं.

आग्या मोहोळ: फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यामुळे उंच झाडांवर ही मोहोळं असतात. काळपट अर्धगोल पडदा फांदीला लटकताना दिसला तर त्याखालून जायचं नाही. अत्तर, सुगंधी तेल, धूर, ड्रोन, फुगे फोडणं, सगळं बाद. चुकून उठल्याच तर तोंड आणि नाक झाकून, हात न झटकता, सरळ गाडीत किंवा बंद खोलीत शिरायचं. झाडाआड लपणं आणि पाण्यात उडी मारणं दोन्ही निरुपयोगी, त्या पाण्यावर वाट बघत राहतात. नांगी निघाली नाही तर नखाने लगेच खरवडा. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका, कारण नांगीच्या पिशवीतून विष जात राहतं. ज्यांना मधमाशीची ॲलर्जी आहे किंवा ज्यांना खूप ठिकाणी डंख झालेत त्यांना थेट दवाखान्यात.

कैलासपती दिसला तर त्याच्या फुलाजवळ जरूर जा, पण फळांखाली उभं राहू नका. तोफगोळ्याएवढी कठीण फळं खोडावरच लटकतात आणि कधी गळतील सांगता येत नाही. फूल मात्र सोडू नये. त्यात दोन प्रकारचे पुंकेसर असतात: मधोमध कड्याने बसलेले आखूड, आणि वर वाकलेल्या फणीवरचे. फणीवरचे नुसते भुलवायला, त्यातला पराग वांझ. कड्यातला पराग प्रजननाचा. मधही नसतो. भुंगा फणीवरचा पराग खायला आत घुसतो आणि त्याच्या पाठीला कड्यातला पराग लागतो. भिंग असेल तर दोन्ही शेजारी धरून बघा. आणि हो, शंकराच्या देवळात असतो म्हणून तो इथलाच समजू नका, मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे.

काठीवाल्या काकांसाठी: पानगळीत पायाखालची मुळं पाचोळ्याने झाकलेली असतात, ठेच तिथेच लागते. जुन्या बुंध्याभोवती फिरताना काठीने आधी पाचोळा बाजूला करावा. सगळ्यांनी बंद बूट. घेराव घालून बुंध्याशी उभं राहण्याऐवजी पालवीच्या बाहेरच्या कडेने उभं राहिलात तर मुळांवरची मातीही दबत नाही आणि झाड पूर्ण दिसतं.

बियांचं: खाली पडलेली फुलं, पानं, एखादी शेंग हातात घेऊन बघायला कुणाची हरकत नसावी, पण पिशवी भरून घरी नेणं, तोडणं, सालीवर नखं लावणं नाही. न्यायचीच असेल तर दारावरच्या माणसाला विचारा. मोठा कॅमेरा किंवा तिपाई असेल तर तेही तिकीट खिडकीवर आधीच बोलून घ्या.

जुना_नकाशा

थोडा इतिहास, म्हणजे तिथली झाडं परदेशी का हे मुलांना सांगता येईल. ही मुळात छावणीतली सोल्जर्स गार्डन. व्हिक्टोरिया राणीने १८७६ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेतली, बागेचं नाव त्या पदवीवरून. कारभार बघणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. अशा संस्थांचं कामच मुळी बाहेरून बी-रोपं मागवून ती इथल्या मातीत तगतात का ते बघण्याचं होतं. सुमारे ३९ एकरांच्या या बागेत देशी आणि विदेशी झाडं खांद्याला खांदा लावून उभी दिसतात ती त्यामुळे. पाणीही हाताशी होतं. मुठेचा उजवा कालवा याच पट्ट्यातून हडपसरकडे जातो.

पण झाडांचा अभ्यास म्हणून जायचं तर मी गणेशखिंडीचं नाव आधी घेईन. गणेशखिंड उद्यान १८७३ चं, ३३ हेक्टरचं, आणि २०२० मध्ये राज्य शासनाने ते जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. मार्शल वुड्रो हे तिथले अधीक्षक. आंब्याच्या जाती जमवण्याचं त्यांचं काम मोठं. त्याच काळात पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे, प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद केली. ती १९०१ ते १९०८ दरम्यान छापून आली आणि अजून संदर्भाला लागते. फक्त गणेशखिंडीत फळ संशोधन केंद्र चालतं, ती फिरायची बाग नाही. दहा-बारा जण न सांगता जाऊन धडकू नका, आधी परवानगी घ्या.

पानगळ

गणेशखिंडीचं मान्य, पण पहिल्यांदा झाडं बघणाऱ्या ज्येष्ठांना तिथे न्यायचं म्हणजे पोहायला शिकवायला थेट विहिरीत ढकलण्यातला प्रकार. बसायला जागा, सावली, जवळ गाडी, हे एम्प्रेसमध्ये आहे. शिकले की गणेशखिंडीत जातील.

मुठाकाठ, एक सुचवतो. सगळी झाडं बघायच्या फंदात पडू नका. सात-आठ निवडा, प्रत्येकापाशी पंधरा मिनिटं. आधी जमीन बघायची, मग साल, मग पान, शेवटी शेंडा. दोन-अडीच तासांत होतं, ज्येष्ठही दमत नाहीत. पाटी वाचून मान डोलावत पन्नास झाडं केली तर दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही.

मुठाकाठ

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. कृष्णवड हा वडापासून वेगळा कसा ओळखतात? आणि तिथल्या रोपवाटिकेतून सोनचाफा घ्यायचा एकींचा विचार आहे, काय बघून घ्यावा?

वेलबुट्टी

कृष्णवड पानावरून ओळखतो. पानाच्या तळाच्या दोन्ही कडा देठापाशी जुळून खोलगट द्रोण तयार होतो. सगळ्याच पानांना सारखा नसतो, म्हणून एका पानावरून निकाल देऊ नका, फांदीभर बघा. बाकी पारंब्या, लाल फळं वडासारखीच. बियांपासून लावला तर साधा वड निघू शकतो, म्हणून तो फांदी लावून किंवा गुटी बांधून वाढवतात. कुणी 'बियांचं कृष्णवड' म्हणून रोप विकत असेल तर द्रोण दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोनचाफा कलमाचाच घ्या. बियांच्या रोपाला फुलं यायला कित्येक वर्षं लागतात, कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही येतात. कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर स्पष्ट दिसला पाहिजे, आणि त्याच्या वरची फांदी जोमदार हवी. सांध्याच्या खालून फूट आलेली असेल तर तो खुंटाचा (ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचा) फुटवा, तो रोज जोर घेत जातो आणि कलम मरतं. घरी नेल्यावर असे फुटवे दिसले की लगेच बोटाने मुळापासून मोडायचे. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर ते रोप घेऊ नका, उचलताना ती तुटतात आणि रोप बसतं. सोनचाफ्याच्या मुळांना धक्का मुळीच सोसत नाही. फेब्रुवारीत घेतलं तर पिशवीतच अर्धवट सावलीत ठेवा, दिवसाआड पाणी द्या, पावसाचे एक-दोन चांगले सपाटे झाले की पिशवी ब्लेडने उभी चिरून, मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात उतरवा. खड्डा दोन फूट बाय दोन फूट, तळाशी पाणी साठता कामा नये. पाणी साठलं की आधी पानांच्या कडा करपतात, आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात.

मुठाकाठ

कुंडीत लावला तर?

वेलबुट्टी

अठरा इंचांची कुंडी, तळाला तीन भोकं, त्यावर विटांचे तुकडे. फुलं येतील, पण झाड होणार नाही. छाटणी पावसाच्या आधी, मोसमात एकदाच.